उंदरांची हळद

मॅडमचं आधी सांगते, माझ्या चुकीचं मागाहून. उलटं केलं तर चूकच लांबत जाईल आणि मॅडम राहून जातील.

त्या पनवेलच्याच, जुन्या बाजारातल्या. वडिलांचं भांड्यांचं दुकान. वयानं माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, पण मी त्यांना मॅडम म्हणायचे आणि त्या मला ताई. कॉलेजात औषधांवर पीएच.डी. करत होत्या. मी त्याच कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे पांढरे उंदीर ठेवतात त्या बैठ्या इमारतीत, पिंजरे धुण्याच्या आणि उंदरांच्या खाण्यापिण्याच्या कामावर होते. माझ्या हातून त्यांच्या कामाचे चार महिने गेले. तरीही त्यांनी माझी नोकरी जाऊ दिली नाही. त्या नोकरीवर माझ्या मुलीची शाळा टिकून होती, म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची वसमतकडची. आमच्याकडे हळद होते, आणि हळदीचे दिवस आले की घरातल्या कुणालाच दुसरं काही सुचत नाही. शेतातून काढायची, मोठ्या कढईत शिजवायची, वाळवायची, मग चकाकी यावी म्हणून ढोलात घालून फिरवायची. सातवीत असताना मला शाळेतून काढलं ते दोन महिन्यांसाठी, असं ठरलं होतं. दोन महिने झाले, हळद बाजारात गेली, पुन्हा शाळेचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

लग्नानंतर नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनवर लागला आणि आम्ही रोडपालीला एका खोलीत आलो. दिवसभर ट्रेलरचे भोंगे आणि पत्रे आदळण्याचे आवाज. मला मुळातच धीर कमी. दाराची कडी लावली का म्हणून दोनदा मागे फिरणारी मी. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा नवऱ्याच्या एकट्याच्या कामावर भागेना. शेजारणीनं या नोकरीचं सांगितलं. मुलाखतीला विचारलं, "उंदरांना भिता का?" मी म्हटलं, "शेतातल्या नाही भीत. तुमचे कसे आहेत ते बघावं लागेल." सगळे हसले आणि मला ठेवून घेतलं. दर सहा महिन्यांनी करार नवा व्हायचा. दर सहा महिन्यांनी माझी झोप उडायची.

माझ्या आधीच्या माणसाला काढलं होतं. त्यानं पिंजरे धुताना दोन पिंजऱ्यांतले उंदीर एकमेकांत मिसळले आणि कुणाचं तरी वर्षाचं काम मातीत गेलं. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, आणि वर एक वाक्य: "खुणा गेल्या की सगळं गेलं." ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं.

खुणा म्हणजे अशा. उंदीर सगळे सारखे पांढरे, लाल डोळ्यांचे. एका पिंजऱ्यात तीन. ओळखायचे कसे? तर एका पिवळ्या औषधात काडीला कापूस गुंडाळून बुडवायचा आणि एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीच्या मुळाशी ठिपका द्यायचा. ते औषध केसांना धरून राहतं, पण नवे केस आले की खूण फिकी होते, पुन्हा द्यावी लागते. डोक्याचा, पाठीचा, शेपटीचा, अशीच त्यांची नावं. मॅडमचे सहा पिंजरे होते, अठरा उंदीर. डोक्यावर खूण असलेल्यांचं नुसतं पोट उघडून शिवायचं. पाठीवर खूण असलेल्यांच्या आतड्याचं रक्त अडवायचं, सोडायचं आणि नुसतं मिठाचं पाणी द्यायचं. शेपटीवाल्यांनाही तसंच, फक्त पाण्याऐवजी मॅडमचं औषध.

हे सगळं कशासाठी, ते मी एकदा विचारलं होतं. डबा खाताना. मला वाटलं होतं, त्या हसतील.

"ताई, समजा कुणाच्या आतड्याला पीळ पडला," त्या म्हणाल्या, "रक्त अडलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, पीळ सोडवला, रक्त परत सुरू झालं. मग माणूस बरा व्हायला हवा की नको?"

"व्हायलाच पाहिजे."

"पण कितीदा तरी तेव्हाच बिघडतं. रक्त नसताना आतडं कसंबसं तग धरून असतं. रक्त आलं की नासधूस सुरू."

मला रोडपालीचा आमचा नळ आठवला. दोन दिवस पाणी बंद राहून आलं की आधी नुसती फुरफुर, मग लाल गढूळ पाणी, एकदा तर जोरानं तोटीच उडाली होती. मी म्हटलं, "आमच्या नळासारखं झालं की हे."

मॅडमनी घास हातातच धरला. "अगदी तसंच. आता मला सांगा, गढूळ पाणी यायला लागलं की तुम्ही काय करता?"

"शेजारणीला हाक मारते. लगेच हंडा लावू नको म्हणून."

"मी ती हाक शोधते आहे," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. आतड्यातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. ते निरोप म्हणजे पेप्टाइड, प्रथिनाचे अगदी लहान तुकडे. काही निरोप चिथावणारे. ते गेले की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तातल्या लढणाऱ्या पेशी धावत येतात आणि नको तिथे मारामारी करतात. काही निरोप शांत करणारे. त्यातला एक पोटातच तयार होतो, आणि भूक लागली हे मेंदूला तोच सांगतो. हा भुकेचा निरोप बाहेरून टोचला, अगदी रक्त परत सोडायच्या आधी, तर आतडं वाचेल का?

भुकेचा निरोप आतडं वाचवतो, हे मला फार आवडलं होतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग मह्या आतड्याला काही होत नाही. मला सदा भूक."

आता चूक.

आतड्याच्या पातळ चकत्या काचेवर कशा घ्यायच्या, म्हणजे स्लाइडी कशा करायच्या, ते शिकायला मॅडम दहा-बारा दिवस पुण्याला गेल्या होत्या. परत आल्या की लगेच ऑपरेशनं धरायची होती. त्या गेल्या आणि तिसऱ्याच दिवशी खुणेच्या औषधाची बाटली संपली. मी स्टोअरमध्ये गेले. तिथले साहेब म्हणाले, "बाई, ते औषध असं मिळत नाही. कोरडं झालं तर पेट घेतं, त्याला वेगळी परवानगी लागते. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात! इकडे पाठीवरच्या खुणा फिकट होत चाललेल्या. मी रोज सकाळी दिव्याखाली एकेकाला धरून बघायची, हा पाठीचा ना? हा डोक्याचा ना? चौथ्या पिंजऱ्यातल्या एकाचं तर मला सांगताच येईना, मग केस उलटे फिरवून पिवळी कड शोधली. मार्करनं करून पाहिलं. चाटून-पुसून संध्याकाळपर्यंत गायब. मॅडमना फोन करावा असं दहा वेळा मनात आलं. नंबर लावायची आणि तोडायची. एवढ्याशा कामासाठी फोन? त्यांना वाटेल, हिला एक बाटली सांभाळता येत नाही.

आणि घरी डब्यात हळद होती. आईनं पाठवलेली, घरची, गडद. पोळपाटावर सांडली तर आठ दिवस डाग जात नाही अशी.

मी ती चमचाभर पुडीत बांधून नेली, गोडेतेलात कालवली, काडीला कापूस गुंडाळला आणि अठरा जणांना लावली. ठसठशीत. पिवळी ती पिवळी. लावताना मला काय वाटलं ते खरं सांगते. मला अभिमान वाटला. शिकलेल्या माणसांना जे मिळवायला परवानगी लागते ते माझ्या आईच्या डब्यात होतं.

एक मावशी होत्या, जवळच्याच गावच्या आगरी, झाडलोटीला यायच्या. घरची जमीन प्रकल्पात गेली, मुलांचे बंगले झाले, तरी बाई घरी बसायला तयार नाही. त्या दारात झाडू टेकवून उभ्या राहिल्या.

"काय गो ताय, उंदराचा लगीन काडलास काय?"

"खूण करते मावशी."

"खूण कसली? हलद लावतेस! आमचेकडं हलद म्हंजी मटण लागतं, डीजे लागतं. बोलाव सगल्यांना." आणि पिंजऱ्यापाशी वाकून, "नवरा कंचा यातला? यो जाडा काय?"

मी इतकी हसले की काडी हातातून पडली. दर दोन दिवसांनी ठिपके पुसट व्हायचे, कारण उंदीर स्वतःला चाटतात आणि एकमेकांनाही चाटतात. मी पुन्हा लावायची. पुन्हा चाटायचे. त्यात काही वावगं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हळद आम्ही दुधातून लेकरांना देतो, कापलं तर भरतो, नवरी-नवऱ्याला लावतो. हळदीनं कुणाचं कधी काही बिघडलंय?

मॅडम आल्या. पिंजरे बघितले. मूळचं औषधही पिवळंच, त्यामुळे त्यांना काही वेगळं दिसलं नाही. तोंडाला मास्क असायचा, वासही कळला नसेल. उलट म्हणाल्या, "ताई, खुणा काय सुरेख ठेवल्यात!" मी ते कौतुक घेतलं. बाटलीचं सांगायचं राहूनच गेलं. लपवायचं म्हणून नाही, पण सांगितलंही नाही.

ऑपरेशनं दोन आठवडे चालली. माझं काम दिव्याचं. उंदराला भूल दिली की त्याचं अंग गार पडतं, म्हणून वरून दिवा धरायचा, थर्मामीटर बघायचं आणि घड्याळावरची मिनिटं मोठ्यानं सांगायची. मॅडम पोट उघडून ओल्या कापसावर आतडं काढून ठेवायच्या. गुलाबी, ओलसर, हलणारं. मग एका बारीक रक्तवाहिनीवर इवलासा चिमटा. बघता बघता रंग उतरायचा, आधी फिका, मग निळसर. हलणं थांबायचं. मी मिनिटं सांगत राहायची. चिमटा काढायच्या थोडं आधी शेपटीच्या शिरेतून औषध किंवा मिठाचं पाणी, आणि मग चिमटा निघायचा. लाली कशी धावत यायची! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं होतं, "वाचलं." मॅडम म्हणाल्या होत्या, "थांबा, अजून दोन तास."

त्या दोन तासांत पाठीवाल्यांच्या आतड्यावर काळपट डाग आणि रक्ताचे ठिपके यायला हवे होते. आधी चार उंदरांवर करून बघितलं होतं तेव्हा आले होते. या खेपेला कमी आले. काहींना जवळजवळ नाहीच.

उंदरांना कायमची भूल देऊन आतड्याच्या स्लाइडी झाल्या. मॅडमनी मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. आतड्याच्या आतली बाजू मखमलीसारखी असते, बोटं उभी केल्यासारखे बारीक बारीक कोंब. बिघडलेल्या आतड्यात त्या बोटांची टोकं झडून जातात. "ही शेपटीची, औषध मिळालेली. ही पाठीची, न मिळालेली. सांगा फरक."

मला सांगता आला नाही. त्यांनाही येत नव्हता. औषध न मिळालेलं आतडंही बरंच शाबूत होतं. मग औषधानं काय केलं?

त्यांचे सर, म्हणजे पीएच.डी.चे मार्गदर्शक, माणूस हुशार, पण जीभ तिखट. दारात उभी राहून मी ऐकलं. "चिमटा नीट बसला नाही. रक्त अडलंच नाही तर बिघडेल कसं? तुझा हात हलतो. पुढची ऑपरेशनं दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ." नंतर आठवडाभर मी त्यांना बघत होते. दुपारी एकट्या बसून एका बारीक रबरी नळीवर तोच चिमटा लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. स्वतःचा हात दिव्यासमोर धरून बघायच्या, थरथरतो का. आधी नव्हता थरथरत. बघून बघून थरथरायला लागला.

मला वाईट वाटत होतं, पण त्याचा माझ्याशी संबंध आहे हे माहीत नव्हतं. ते कळलं एका शुक्रवारी. व्हरांड्यात मुलांनी मोठे छापील तक्ते लावले होते. एकावर हळकुंडाचं चित्र. आपल्या गावचं माणूस भेटावं तशी मी थांबले. बाजूला उभ्या मुलीला विचारलं, "हे आमचं हळकुंड इथे कशाला?"

"माझा विषय आहे ताई," ती म्हणाली. "हळदीतलं द्रव्य सूज कमी करतं. आतड्याची पण. रक्त अडवून सोडलं ना, की जे नुकसान होतं, ते हळद दिलेल्या उंदरांत कमी दिसलंय बऱ्याच जणांना."

ती पुढेही काही सांगत होती. मला मात्र माझी काडी दिसत होती, कापूस गुंडाळलेली. पाठीवर ठिपका. आणि चाटणारी लाल जीभ.

ॲनिमल हाऊसमध्ये येऊन मी सगळे पिंजरे धुतले. सकाळीच धुतले होते. परत धुतले.

मावशींना सांगितलं, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग झाडू हातात घेऊन म्हणाल्या, "हे बघ, मी कोनाला सांगाची नाय. उंदीर तं मेले. हलद गेली. तू कशाला तोंड उघडतेस? तुला काडतील, मॅडमचा काय जातंय? ती पुना करंल."

घरी नवऱ्यालाही सांगितलं. तो शनिवारचा अर्धा दिवस करून आला होता, हाताची ग्रीस रॉकेलनं पुसत होता. "तुला कोणी विचारलं का?"

"नाही."

"मग गप ऱ्हाय. मार्चमध्ये करार नवा होणारे. तोवर गप ऱ्हाय. पोरीच्या शाळेचं काय करायचं? वसमतला धाडायची का?"

तो चुकीचं बोलत नव्हता. वसमतला धाडली तर काय होईल ते मला ठाऊक होतं. हळदीचे दिवस येतील, आणि आई म्हणेल, दोनच महिने. माझी आई वाईट नाही. पण म्हणेल.

रविवारी दुपारी मी भाकरी थापत होते आणि तीन करपवल्या. मुलगी फरशीवर बसून पाढे लिहीत होती. बाहेर लोखंड कापायचं मशीन किंचाळत होतं. मी विचार करत होते, सांगितलं नाही तर काय होईल? मॅडम पुन्हा करतील. पण पुन्हा कोण करेल? सर दुसऱ्याच्या हातात चिमटा देतील. मॅडम आयुष्यभर समजतील की आपलाच हात हलतो. एकदा वाटायचं, सांगून मोकळं व्हावं. लगेच पोरीच्या वहीकडे नजर जायची. उठायची, पाणी प्यायची, बसायची. मुलीनं शेवटी विचारलं, "आई, तुला कुठे जायचंय का?"

सोमवारी सहा आसनी रिक्षात बसताना हळदीचा अख्खा डबाच पिशवीत टाकला. का ते सांगता येत नाही. नुसत्या शब्दांवर माझा भरवसा नव्हता.

मॅडमच्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेले. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा नव्हत्या फोनवर, तरी मी परत फिरले. तिसऱ्यांदा त्यांनीच बघितलं. "ताई, काय झालं? मुलगी बरी आहे ना?"

मी डबा टेबलावर ठेवला, त्यांच्या चिमट्याशेजारी. "मॅडम, खुणा याच्या होत्या."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. बाटली संपली, परवानगी लागते म्हणाले, मार्कर टिकला नाही, तुम्ही पुण्याला होतात. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. बोट बुडवून बाहेर काढलं आणि त्या पिवळ्या बोटाकडे बघत बसल्या. किती वेळ ते मला माहीत नाही, त्या दिवशी मी मिनिटं मोजत नव्हते.

मग त्यांनी वही ओढली.

"कधीपासून?"

"तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून."

"किती वेळा?"

"दर दोन दिवसांनी. कधी रोज."

"तेलात की पाण्यात?"

"गोडेतेलात."

"सगळ्यांना? डोक्यावाल्यांना पण?"

"सगळ्यांना."

सगळं लिहून घेतलं. तारीख, चमचा केवढा, तेल कुठलं. मी वाट बघत होते की आता त्या ओरडतील. त्यांनी पेन ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे माझा हात हलत नव्हता?"

"नाही मॅडम. मी दिवा धरून होते ना. कधीच नाही हलला."

त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला आधी समजलंच नाही. मग डोळे पुसले आणि त्याच पिवळ्या बोटाचा डाग गालावर उमटला. तो मी त्यांना सांगितला नाही. नंतर सरांसमोर त्या तशाच गेल्या.

सरांनी मला बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला आजच्या आज काढा. त्या आधीच्याला काढलं तसं."

मॅडम म्हणाल्या, "सर, त्यानं खुणा मिसळल्या होत्या. हिनं एकही खूण जाऊ दिली नाही."

"हळद लावली!"

"हो. आणि परत आल्यावर खुणा कशानं केल्यात हे विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही. वहीत तसं लिहिलंय. प्राण्यांच्या समितीलाही तसंच लिहून देणार आहे. पुन्हा अठरा उंदीर मागावे लागतील, आणि त्यांना सांभाळायला मला हीच बाई हवी. दुसरी कुणी असती तर आपल्याला आजही कळलं नसतं."

सरांनी वही ओढून ती पानं वाचली. मग विचारलं, "हळदीनंच झालं हे कशावरून? एवढीशी चाटली तर."

"कशावरूनच नाही," मॅडम म्हणाल्या. "झालं असेल, नसेल. पण नाही असं मी आता म्हणू शकत नाही. म्हणून ते अठरा गेले."

हे मला आजही टोचतं. हळदीनंच झालं असं नक्की कळलं असतं तर मी ते चूक म्हणून गाठीला बांधलं असतं. तसं कुणालाच कधी कळलं नाही. अठरा जीव, आणि शेवटी हाती काय, तर माहीत नाही.

प्राण्यांच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती बसायला वेळ लागला, नवे उंदीर यायला वेळ लागला, ते वजनाला यायला वेळ लागला. चार महिने. त्या चार महिन्यांत मॅडमचं ठरलेलं लग्न पुढे ढकललं गेलं. हे त्यांनी सांगितलं नाही, मावशींनी बाजारातून आणलं. सासरकडचे चिडले होते म्हणे. "तुज्या हलदीनं तिची हलद लांबली," मावशी म्हणाल्या, आणि माझं तोंड बघून लगेच, "मजाक केला गो."

मॅडमनी मला एक वही दिली. पिंजऱ्यात जे जे जाईल ते मराठीत लिहायचं. पाणी, खाद्य, खाली अंथरायचं तूस, खूण, आणि ती कशानं केली. पहिले काही दिवस एक ओळ लिहायला मला अर्धा तास लागायचा. काना-मात्रा चुकल्या तर त्या लाल पेनानं नाही, पेन्सिलीनं दुरुस्त करायच्या. महिन्यानं मी पानभर लिहायला लागले. हे जे तुम्ही वाचता आहात ते त्या वहीतून आलं आहे.

दुसऱ्या खेपेला चिमटा मॅडमनीच लावला. दिवा मी धरला. पाठीवाल्यांची आतडी काळी पडली, बोटांची टोकं झडली. ते बघून आनंद व्हावा ही काय गोष्ट आहे, पण आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. शेपटीवाल्यांची बरी होती. सगळ्यांची नाही, सहातल्या दोघांना औषधाचा फारसा फरक पडला नाही. मॅडमनी तेही तसंच लिहिलं. मी विचारलं, "त्या दोघांना हाक ऐकू गेली नाही का?" त्या म्हणाल्या, "किंवा हंडा आधीच लावला होता."

माझा करार मार्चमध्ये नवा झाला. मुलगी आता माझ्या सातवीच्या खूप पुढे गेली आहे. मॅडमचं लग्न झालं, त्या दुसऱ्या राज्यात गेल्या. अधूनमधून फोन येतो, नवे उंदीर कसे आहेत विचारतात, मुलीचे मार्क विचारतात. लग्न का लांबलं ते मी एकदा काढलं तेव्हा म्हणाल्या, "सोडा हो ताई." मी सोडलेलं नाही.

मी त्यांना काय देणार? त्यांच्याकडे सगळं आहे. पण माणसाला कधी ना कधी दुसऱ्याचे हात लागतात. त्यांचं बाळंतपण असेल, जुन्या बाजारातल्या त्यांच्या आईला कुणी उठवायला-बसवायला लागेल, किंवा आज सुचत नाही असं दुसरं काही. त्या दिवशी मला एक फोन यावा. मी जाईन आणि चार महिने राहीन, एक दिवस कमी नाही. नवऱ्याला सांगून ठेवलं आहे, मुलीला सांगून ठेवलं आहे. आणि तिथे कुणाला काहीही लावायच्या आधी, अगदी घरची हळदसुद्धा, मी मॅडमना विचारीन.